पाय न वाजवता

नंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या दारात मुलांच्या चपला जोडीनं लावत होते. फोन ठेवला आणि उरलेल्या चपलाही लावल्या... दुसरं काही सुचेचना. महिना होत आला त्याला.

सदाशिव पेठेत एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमची बालवाडी. मी मुख्याध्यापिका, आणि नंदाताई तिथं अकरा वर्षं मुलांना नाच शिकवायच्या. त्या रुजू झाल्या त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरचे काका वर आले. "वर मुलं आहेत की घोडे? आपण ठरवून सांगा, म्हणजे तसा चारा पाठवतो." मी मुळात भित्री, त्यात जागा भाड्याची. त्याच दिवशी त्यांना लिहून दिलं, यापुढे वर्गात कुणी उडी मारणार नाही.

नंदाताईंनी कपाळावर हात मारला. "अहो, उडीशिवाय नाच म्हणजे मिठाशिवाय आमटी!" पण त्यातूनही त्यांनी वाट काढली. मांजर होऊन चालायचं, गवत होऊन डुलायचं, पाऊल टेकवायचं ते चवड्यावर, अलगद. चुकून धप्प झालं की सगळा वर्ग जागच्या जागी थिजायचा, नंदाताईसुद्धा. मला ते बघवत नसे. दर जूनमध्ये त्या विचारायच्या, "यंदा तरी उडू द्याल? हवं तर मी खाली जाऊन विचारते." मी म्हणायचे, "नको हो, विषाची परीक्षा कशाला?"

त्यांच्या शोकसभेचं सांगायला मी खाली गेले. काका म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं वर नाच चालायचा? मला वाटलं, बंद केलात. तेव्हा हिचं ऑपरेशन झालं होतं, झोप लागायची नाही तिला. महिन्याभरात हिंडायला लागली ती. विचारायचंत की एकदा!"

"तुम्हीही सांगायचंत," मी म्हणाले.

"पुण्यात कुणी कुणाचं इतकं ऐकतं, हे मला कसं कळावं?"

मी जिना चढून वर आले. कडी मीच लावली होती आणि पहाराही मीच देत होते. नंदाताईंची माफी मागायलाही आता जागा उरली नाही.

त्यांचा वर्ग सध्या मीच घेते. दुसऱ्या दिवशी मुलांना म्हटलं, "आज उड्या मारायच्या. हव्या तेवढ्या!" मुलं एकमेकांकडे बघत राहिली. मग सगळी एकदम उडाली आणि गुडघे वाकवून, चवड्यांवर उतरली. आवाज झालाच नाही. "अरे, जोरात!" मी ओरडले. तशी पुढची चिमुरडी ओठांवर बोट ठेवून मलाच म्हणाली, "हळू ना, ताई... खाली आजोबा आहेत."