बदलापूरचं सामाईक मशीन

“एकच घेऊ. तिघांत मिळून,” डॉ. कारखानीस म्हणाले, आणि मी बिस्किट चहात बुडवायचं विसरलो.

बदलापूर गावातल्या त्यांच्या दवाखान्यात आम्ही बसलो होतो. टेबलावर माझं डेमोचं ईसीजी मशीन. एका बाजूला स्टेशनजवळ दवाखाना असलेले डॉ. तलरेजा, दुसऱ्या बाजूला कात्रप भागातल्या डॉ. भोईर मॅडम. तिघांना मी गेले काही आठवडे वेगवेगळा भेटत होतो आणि तिघांनीही “बघू” म्हटलं होतं. आमच्या धंद्यात “बघू” म्हणजे अर्धा होकार. तीन मशिन्सचा हिशेब मनात पक्का करून मी आलो होतो, आणि हे तिघं माझ्या नकळत आपसात बोलून बसले होते.

ईसीजी म्हणजे काय ते आता सगळ्यांना माहीत आहे. छातीला आणि हातापायांना तारा लावायच्या, कागदाच्या पट्टीवर हृदयाची चाल उमटते. पण ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. तेव्हा बदलापुरात कुणाच्या छातीत दुखलं, तर त्याला रिक्षात घालून उल्हासनगर नाहीतर कल्याण गाठावं लागे. मशीनची गरज खरीच होती. फक्त ती एका मशीनची होती आणि माझी तीन मशिन्सची.

माझी का, ते सांगतो. आमचे वरचे साहेब औषधांच्या कंपनीतून आलेले. औषधात कोट्याचं, म्हणजे वर्षाला किती विकायचं त्याचं, गणित सोपं असतं. पेशंट गोळी गिळतो, गोळी संपते, दुकानदार पुन्हा मागवतो. मागच्या वर्षी इतकं विकलं, यंदा त्याहून जास्त विका. तेच गणित साहेबांनी मशीनला लावलं. आता ज्या डॉक्टरने मशीन घेतलं तो पुढची दहा वर्षं माझ्याकडे कशाला बघेल? पण मागच्या वर्षी उल्हासनगरच्या सगळ्या कॅम्पांत, म्हणजे तिथल्या वस्त्यांत, मी जीव तोडून मशिन्स विकली, त्याचं बक्षीस म्हणून माझा कोटा वाढला. चांगलं काम केल्याची शिक्षा मिळते हे मी तिथे पहिल्यांदा शिकलो. पगार बेताचा, बाकी सगळा भरवसा इन्सेंटिव्हवर. तोही असा, की कोटा पूर्ण झाला तर मिळणार. एक मशीन जरी कमी पडलं, तरी हातात शून्य.

त्या वर्षी तर आणखी एक टांगती तलवार होती. कोटा चुकला तर बदली, असं आमचे एरिया मॅनेजर सबनीस साहेब स्पष्ट बोलले होते. माझी बायको सुनीता अंबरनाथच्या शाळेत नुकतीच कायम झाली होती. मुलगी बालवाडीत. बदली म्हणजे घराची दोन शकलं.

“जाधव, खरं सांगा,” भोईर मॅडमनी विचारलं. “तिघांत एक चालेल, की ने-आण करून वर्षात त्याचा डबा होईल?”

नुसती नकाराची मान हलवली असती तरी पुरलं असतं. “मॅडम, मशीन नाजूक असतं,” एवढ्या चार शब्दांत माझी बदली टळत होती. पण त्या मशीनला वर एक दणकट हँडल होतं आणि दोन वर्षं मी सगळ्या डॉक्टरांना त्या हँडलचंच कौतुक ऐकवत आलो होतो. स्कूटरवर न्या, पेशंटच्या घरी न्या, काही होत नाही. तेच आता माझ्या आड आलं.

“चालेल,” मी म्हणालो. “बॅटरी तेवढी चार्ज ठेवा.”

मला वाटलं विषय संपला. पण खरी अडचण पुढेच होती, आणि ती तलरेजांनी काढली. ते राहायला उल्हासनगर कॅम्प एकला, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी.

“और शुक्रवारी?”

अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी. सगळे कामगार त्याच दिवशी दवाखान्यात येणार, मशीन तिघांनाही त्याच दिवशी लागणार.

“शुक्रवारी माझ्याकडे ठेवू, मी मध्यावर आहे,” कारखानीस म्हणाले. “तुमचे पेशंट पाठवा.”

तलरेजा हसले. “साब, पेशंट आपके पास आएगा, तो वापस येईल काय?”

जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरचं सगळं पोट त्याच्या पेशंटवर. दुसऱ्याच्या पायरीवर पेशंट पाठवणं म्हणजे केवढी गोष्ट, हे त्या धंद्यात वावरल्याशिवाय कळत नाही. शेवटी तोडगा मॅडमनी काढला. जो पट्टी काढेल त्याने पेशंटला औषध लिहायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, पट्टी पाकिटात घालून ज्याच्या त्याच्या डॉक्टरकडे परत पाठवायची. शंका असेल तर दोन डॉक्टरांनी मिळून बघायची, पण पेशंटच्या पाठीमागे.

मी एका मशीनची ऑर्डर घेतली आणि स्टेशनकडे चालत निघालो. बरं वाटत होतं, पण बदलीही डोळ्यांपुढे दिसत होती.

सबनीस साहेब उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये आमच्या डीलरच्या दुकानावर यायचे. ऑर्डरचं कळल्यावर बाजूच्या हॉटेलात त्यांनी मला समोर बसवलं.

“तू एक मशीन विकलं नाहीस, जाधव. तू दोन मशिन्स मारलीस.”

“सर, त्यांना एकाचीच गरज होती.”

“गरज बघायला तू काय सरकारी दवाखाना आहेस? प्रत्येकाला सांगायचं, बाजूचा डॉक्टर घेतोय. मग बघ कसे घेतात.”

“ते तिघं एकत्र बसले होते, सर.”

“बसूच का दिलंस?”

साहेबांनी सिगारेटचं पाकीट टेबलावर ठेवलं. मग आवाज उतरवून म्हणाले, “माझ्याही डोक्यावर कुणीतरी बसलंय रे. तुझी दोन गेली, की माझ्या एरियाचा कोटा पडतो.” त्या माणसाचा मला तोवर फक्त रागच यायचा. त्या दिवशी पहिल्यांदा दयाही आली. बदलीचा कागद मात्र महिन्याभरात आला. अकोला.

माझे शर्ट घडी करता करता सुनीता म्हणाली, “कोटा तुमचा चुकला, आणि शिक्षा मात्र आपल्या तिघांना.” ते वाक्य मला साहेबांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

अकोल्यात माझ्याआधी जो होता तो कंपनीचा हिरो. बाजूचा घेतोय हे सांगण्यात पटाईत. एकाच गल्लीतल्या दवाखान्यांत मशिन्स कपाटावर कापडाखाली पडून होती. डॉक्टर मला बघताच हात जोडायचे. आणि माझा कोटा ठरला होता तो त्याच्या विक्रीवर! वर्षभर मी भिंतीला डोकं आपटलं आणि मग राजीनामा दिला. अंबरनाथला परतून मशीन दुरुस्तीच्या एका छोट्या फर्ममध्ये लागलो. पगार आधीपेक्षा कमी, पण दर महिन्याला तोच, आणि संध्याकाळी मुलगी अंगणात भेटायची.

त्या कामासाठी पुन्हा बदलापूरला गेलो. कारखानीसांच्या टेबलावर नवं मशीन होतं.

“तिघांचं जुनं कुठे गेलं?” मी विचारलं.

“भोईर मॅडमकडे. तलरेजांनी स्वतःचं घेतलं, मग मीही घेतलं.” ते जरा ओशाळले. “तुमच्या जागी आलेला मुलगा बोलायला हुशार होता. तलरेजांना म्हणाला, कारखानीस घेतायत. मला म्हणाला, तलरेजा घेतायत.”

त्या मुलाला त्या वर्षी कंपनीने स्टेजवर बोलावून घड्याळ दिलं, हे मी ऐकलं होतं. पुढच्या वर्षी त्याचा कोटा वाढला, आणि बदलापुरात मशीन घ्यायला कुणी उरलं नव्हतं, हेही ऐकलं होतं.

मी वायर तपासत होतो. कारखानीस एक पट्टी खिडकीच्या उजेडात धरून बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी ती माझ्यापुढे केली.

“जाधव, इथे तुम्हाला काही वेगळं वाटतं?”

मला तारा कुठे लावायच्या एवढं कळतं. पट्टी वाचणं हे डॉक्टरचं काम, आणि डॉक्टर मला विचारत होते. बाहेर बाकावर एक माणूस छातीवर हात ठेवून बसला होता.

“डॉक्टर, तलरेजांना दाखवा ना.”

“आता बरं दिसत नाही. स्वतःचं मशीन घेतलं आणि विचारायला गेलो, तर काय म्हणतील?”

माझं पुढचं दुरुस्तीचं काम तलरेजांकडेच होतं. मी ती पट्टी पाकिटात घातली आणि रिक्षा केली. तलरेजांनी पाकीट बघितलं, मला बघितलं, आणि काही न विचारता पट्टी उजेडात धरली.

“कारखानीस साब को बोलो, बरोबर शक है. कल्याण भेजो. अभी.” मग स्वतःच फोन उचलला, नंबर फिरवला. बऱ्याच दिवसांनी ते दोघं बोलत असावेत, कारण दोघांनीही आधी तब्येतीची चौकशी केली.

तो पेशंट वाचला. त्यानंतर दुरुस्तीच्या फेरीत माझ्या बॅगेत बऱ्याचदा एखादी पट्टी असायची, इकडून तिकडे. फर्मच्या मालकाने कधी विचारलं नाही की बदलापूरला इतका वेळ का लागतो. माझ्यावर कोटा नव्हता, एवढंच त्याचं कारण. सेल्समध्ये असतो तर त्या वेळेत मी भोईर मॅडमना नवं मशीन विकत बसलो असतो.