डोळ्यातली खांड

"परत सांग ना. तो पडद्याचा पार्ट."

साहेब हसत होते. शेजारी हेड ऑफिसचे दोन पाहुणे, पाय पसरून, हातात कॉफी. मी उभा. हेल्मेट काखेत. केबिनमधला एसी एवढा गार की टेबलावर बांगडा ठेवला असता तर पुढच्या शिमग्यापर्यंत टिकला असता. माझ्या डाव्या डोळ्यात खालून काळा पडदा चढत होता. भरतीचं पाणी चढतं तसं. उजवा डोळा मिटला की साहेबांचं नुसतं डोकं दिसायचं आणि त्यातलं हसू. खाली काही नाही.

मी तेच सांगत होतो. आणि ते एकमेकांना टाळ्या देत होते.

मी थापाड्या आहे. खोटं कशाला बोलू. उरणजवळच्या यार्डात कंटेनर उचलून एकावर एक रचायची मशीन चालवायचो. पण यार्डभर ओळख होती ती थापांची. मोऱ्याच्या खाडीत मी एवढी चिंबोरी पाहिलीय की तिनं लाँचचा नांगर नांगीत धरला आणि पॅसेंजरांना दुपार लाँचवरच काढावी लागली. आमच्या तळवलीचे मच्छर कंटेनरचं सील तोडून आत जातात. असं काही तरी. चहाच्या वेळी साहेबांचं बोलावणं यायचं, "ए थापाड्या, ये, मूड बनव." मी जायचो. ते बसलेले, मी उभा. इतक्या वर्षांत त्या केबिनमध्ये मला कुणी खुर्ची दिली नाही. मला वाटायचं, माझी वट आहे.

मग एका सकाळी डोळ्याच्या कडेला वीज चमकली. वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात तशी. आभाळ कोरडं. डोळा मिटला तरी चमके. दुपारी काजळी उडाल्यासारखे ठिपके तरंगायला लागले, धागे, मच्छर. हाताने मारायला गेलो, हात रिकामा. मी मशीन बाजूला लावली आणि केबिनमध्ये गेलो.

"साहेब, डोळ्यात मच्छर फिरतायत. विजा चमकतायत. वाशीला दाखवून येतो, सुट्टी पायजे."

साहेब मान मागे टाकून हसले. "ते सील तोडणारे का रे? आता डोळ्यात घुसले?" त्यांनी बाजूच्या केबिनमधल्यांना हाक मारली. "या या, नवीन आलीय." माझ्याकडून परत बोलून घेतलं. एकाने मोबाईलवर शूटिंग केलं. सुट्टी नाही मिळाली. साहेब म्हणाले, "ड्रॉप टाक थोडे. जहाज लागलंय, ड्रामा नको."

मी ड्रॉप टाकले. वर कंटेनर, त्याच्यावर ठिपके. चार-पाच दिवस तसाच रचत राहिलो. आणि मग ते काळं चढायला लागलं. ते सांगायला गेलो, तर आत पाहुणे.

"सांग रे, यांना गाडी पकडायचीय," साहेब म्हणाले.

तेव्हा मला आजा आठवला.

माझा आजा माझ्याहून मोठा थापाड्या. आमची खारी शेतं. खाडीचं पाणी अडवायला मातीचा बांध. त्याला भोक पडलं की ती खांड. लहान असताना चिखल दाबला तर बुजते. वेळ गेला तर खारं पाणी आत शिरतं आणि शेत मरतं. म्हणून गावात रीत होती. "खांड परली" अशी हाक आली की ताटावरून उठायचं. हाक कोणी मारली ते विचारायचं नाही. एकदा आजानेच ती हाक मारली. दुपारी त्याच्या थापांवर पोट धरून हसलेली माणसं चिखलाच्या पाट्या घेऊन धावली. खांडीवर थाप मारत नाहीत, आणि खांड ओरडणाऱ्याला थापाड्या म्हणत नाहीत. त्या शेतांवर आता टॉवर उभे आहेत.

मी हाक मारत होतो. आणि हे कॉफी पीत होते.

"साहेब, माझा डावा डोळा जातोय," मी म्हणालो. "ही गोष्ट नाय."

"अरे असं काय? मघाशी कसं रंगवून सांगत होतास. एकदाच."

"नाय सांगत."

"काय?"

"नाय सांगत." मशीनची चावी मी त्यांच्या कपाशेजारी बशीत ठेवली आणि निघालो.

घरी बायकोने तोंडाकडे बघितलं आणि आधी चप्पल घातली. म्हणाली, "आज तुमी हसवत नाय, म्हंजे काय तरी खरंच हाय."

वाशीच्या डॉक्टरबाईंनी बाहुली मोठी करून बराच वेळ आत बघितलं. मग खुर्ची जवळ ओढून समजावलं. डोळ्याच्या मागे पातळ पडदा असतो, चित्र त्याच्यावर उमटतं. आतला जेलीसारखा गर वयाबरोबर आक्रसतो, सुटताना पडद्याला ओढतो. ओढ बसली की विजा. पडदा फाटला की काजळी. तेव्हाच आला असतात तर लेझरने फाटीच्या कडेने डाग देऊन पडदा चिकटवला असता, बसल्या बसल्या. आता फटीतून पाणी मागे शिरलंय. पडदा सुटलाय. ऑपरेशन लागेल.

"इतके दिवस काय करत होतात, काका?"

काय सांगू. गोष्ट सांगत होतो.

ऑपरेशन झालं. आत गॅस भरला आणि मला पालथं झोपवलं, तोंड खाली. मान वर करायची नाही. मनात आलं, साहेबांपुढे वर्षानुवर्षं वाकलो तेव्हा कुणी सक्ती केली नव्हती. उजव्या डोळ्यातही पडदा एका जागी फाटायला लागला होता. तिथे वेळेवर लेझर झालं. तो वाचला. डाव्याला आता सरळ कंटेनर वाकडा दिसतो. मशीन गेली. आता यार्डाच्या गेटवर ड्युटी दिलीय.

परवा साहेब गाडीची काच खाली करून म्हणाले, "ये ना वर केबिनमध्ये. ऑपरेशनची गोष्ट ऐकायचीय."

"वर नाय येत. ऐकायची असेल तर उतरा खाली."

काच वर गेली.

ती गोष्ट मी गेटवर सांगतो, प्रत्येक शिफ्टला. चिंबोरी नाही, मच्छर नाही. डोळ्यात वीज चमकली, काजळी उडाली, की मशीन बंद. खाली उतरायचं. सुट्टी मागायची नाही, सरळ दवाखाना. काल कामोठ्याचा शिंदे डोळा चोळत मशीनवरून उतरला आणि गेटवर आला. वरून फोन आला, त्याला परत पाठव.

मी फोन ठेवला आणि गेट उघडलं.