परके नर

कर्करोगावरचं एक औषध गाठीबरोबर मूत्रपिंडालाही मारतं. मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांचं अस्तर दोन-तीन दिवसांत सोलून निघतं. हे आधीच थांबवता येईल का, हा एम. फार्म.ला माझा विषय होता. नाशिकबाहेर, दिंडोरीच्या वाटेवरच्या आमच्या कॉलेजात मी ते औषध मुद्दाम उंदरांना टोचणार होते. एका पिंजऱ्याला नुसतं तेच, दुसऱ्याला त्याआधी काही दिवस आमचं संरक्षक औषध पाजून.

दोन्हीकडची वजनं सारखी यावीत म्हणून मी जुने पिंजरे फोडले आणि निरनिराळे नर एकत्र टाकले. प्राणिगृह सांभाळणारे मामा पेठकडचे. त्यांचं निम्मं आयुष्य उंदरांत गेलेलं.

“ताई, हे एका घरचे नाय. एकमेकाला फाडतील,” ते म्हणाले.

“होईल सवय,” मी म्हणाले.

पाठलाग पहिल्याच दिवशी सुरू झाला. मी तो पाहिला आणि वजनं लिहून निघून गेले. ठरल्या दिवशी विषारी इंजेक्शन सगळ्यांना दिलं.

तिसऱ्या सकाळी औषध पाजलेल्या पिंजऱ्यातला भुसा लाल झाला होता. एकाची शेपटी मुळापर्यंत कुरतडलेली. एकाच्या पाठीचं कातडं निघून आतलं मांस चमकत होतं. तिसरा मेला होता आणि सगळ्यात दांडगा नर त्याच्यावर चढून अजून चावतच होता. मी हात घातला. त्याने हातमोज्यातून माझ्या बोटात दात रुतवले आणि सोडेना. मी हात झटकला, तो पिंजऱ्याच्या भिंतीवर आपटला, खाली पडला आणि उठून पुन्हा दुसऱ्यावर धावला.

“तुम्ही लक्ष ठेवायला नको?” मी मामांवर ओरडले.

“मी बोललो व्हतो ताई,” एवढंच म्हणून त्यांनी माझ्या बोटावर स्पिरिट ओतलं.

शेजारच्या पिंजऱ्यात आवाज नव्हता. ज्यांना आधी काहीच पाजलं नव्हतं ते उंदीर केस पिंजारून, डोळे अर्धे मिटून कोपऱ्यात पडले होते. तेही परके नरच होते, पण चावण्याइतकं बळ कुणात उरलं नव्हतं.

मामा दोन्हीकडे बघत म्हणाले, “भांडायची ताकद हाय, म्हंजे तुमचं औषध लागू पडलं.”

बोटातून रक्त गळत होतं आणि मला आनंद झाला. मेलेला उंदीर समोर होता, तरी झाला.

माझ्या मार्गदर्शक सरांनी पिंजरा पाहिला. “जखमा चिघळल्या की त्यानेही मूत्रपिंड बिघडतं. हे आकडे धरता येणार नाहीत. जखमी जनावरांना असं ठेवायचं नाही, आत्ताच संपव.”

मान ओढून मारायचं मला शिकवलं होतं. पहिल्याच्या वेळी झटका अर्धाच बसला. तो किंचाळला, मागचे पाय ताणून तडफडू लागला. मामांनी तो माझ्या हातातून हिसकावला आणि क्षणात संपवला. “मारायचं तर नीट मारा. त्याला दुखतंय,” ते पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. उरलेले मी मारले. दांडग्या नराला शेवटी. त्याचं पोट फाडून काढलेली मूत्रपिंडं गरम होती.

स्लाइडवर त्याच्या नळ्या जवळजवळ शाबूत दिसल्या. सर सूक्ष्मदर्शकावरून उठले. “छान आहे. पण मोजायचं नाही.”

पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी पिंजरे मामांनी लावले, लहानपणापासून एकत्र वाढलेले नर. कुणी कुणाला चावलं नाही, आणि शेवटी त्यांनाही मीच मारलं. औषधाने इजा बरीच कमी झाली होती, पूर्ण थांबली नव्हती. तसंच लिहिलं.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, “पहिल्या वेळचे आकडे का वगळले?”

“परके नर एकत्र टाकले होते. मला बजावलं होतं, मी ऐकलं नाही.”

त्यांनी मान हलवली आणि पुढचं पान उलटलं.