सुपाच्या जाहिरातीतली आई

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात, एका टायपिंगच्या दुकानाच्या दारात, माझे अर्ज लिहिण्याचे टेबल होते. शिक्षण नववीपर्यंतचे, परंतु रजा, व्हिसा, बदली वा तक्रार यांविषयी माझ्या लेखणीतून उतरलेला अर्ज परत आल्याचे उदाहरण त्या भागात कोणास ठाऊक नव्हते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मात्र एक अर्ज मला स्वतःच मागे घ्यावा लागला. त्याची ही हकिकत आहे.

समोर एका पेशावरी गृहस्थांचे जुन्या जपानी मोटारींच्या सुट्या भागांचे दुकान होते. जपानहून आलेल्या गाड्या तेथे खोलल्या जात, आणि पुष्कळदा टेपमध्ये मूळ मालकाची कॅसेट तशीच राहिलेली असे. "मुन्शीजी, ले जाओ, बच्ची सुनेगी," असे म्हणून त्यांनी एके दिवशी एक कॅसेट माझ्या हाती ठेवली. वर कोणी तरी हाताने जपानी अक्षरे लिहिली होती. आत सगळे स्त्रियांचे आवाज. कोणी पियानोवर, कोणी गिटारवर.

माझी कन्या तेव्हा सातवीत होती. त्यातले तिसरे गाणे तिने ऐकून ऐकून पाठ केले. त्याच्या ध्रुपदात 'आई' हा शब्द फार लांबवून येत असे. ती बाथरूममध्ये गाऊ लागली, की आमची सौभाग्यवती स्वयंपाकघरातून ओ देई.

"काय गं?"

पुन्हा 'आईऽऽ'.

"अगं, टॉवेल हवाय का?"

"आई, इट्स द साँग!"

उंचीमुळे शाळेच्या समूहगीतात तिला तीन वर्षे शेवटच्या रांगेत उभे केले होते. त्या वर्षी स्नेहसंमेलनात एकटीने गाण्यासाठी तिची निवड झाली. घरात तिचे पाय जमिनीवर ठरेनात. शाळेचा नियम असा, की सिनेमाचे अथवा प्रेमाचे गीत चालणार नाही, आणि गीताचा अर्थ पालकांनी सहीनिशी लिहून द्यावा. मी तत्काळ लिहून दिले: 'प्रस्तुत गीत मातृभक्तिपर असून, दूरदेशी गेलेली कन्या त्यात मातेस वारंवार हाक मारीत आहे.' अर्ज मंजूर झाला.

कार्यक्रमास चार दिवस उरले असता समोरच्या दुकानात एक जपानी व्यापारी आले. मी मुद्दाम कॅसेट नेऊन दाखविली आणि तिसरे गाणे लावले. वरची अक्षरे वाचून ते प्रसन्न हसले. "ऑल सीएम साँग!"

मी सदऱ्याचे वरचे बटण लावले. "चीफ मिनिस्टर?"

त्यांनी आधी माझ्याकडे, मग दुकानमालकांकडे पाहिले. नंतर हवेतल्या हवेत एक पाकीट फाडले, त्यावर गरम पाणी ओतले, फुंकर मारून प्याले आणि म्हणाले, "टीव्ही! टीव्ही!"

"मुन्शीजी," पेशावरी गृहस्थ खुर्चीवरून घसरत म्हणाले, "आप की बेटी सूप बेच रही है!"

त्यांच्या मोडक्या इंग्रजीतून हळूहळू उलगडले, की त्यांच्या देशात सीएम म्हणजे जाहिरात. त्या कॅसेटमधल्या बायका स्वतः शब्द रचीत, स्वतः चाल लावीत आणि स्वतःच गात. कंपन्या त्यांची गाणी जाहिरातींना घेत. पण गाण्यात मालाचे नाव कोठेही नसे, आणि लोक ती गाणी वेगळी विकत घेऊन गाडीत ऐकत. हे ऐकून मला पुष्कळ धीर आला.

"आणि आई?" मी विचारले.

"आई? आई इज लव्ह."

धीर गेला. घरी सांगितले, तेव्हा सौभाग्यवती म्हणाली, "अहो, राहू द्या की! तिथे जपानी कोणाच्या बापाला येतंय?" कन्या रडवेली झाली. "बाबा, प्लीज, डोन्ट टेल देम." परंतु खाली सही माझी होती.

दुसऱ्या सकाळी कन्येस घेऊन मी मुख्याध्यापिकांपुढे दुसरा अर्ज ठेवला. 'पूर्वीच्या अर्जात आई म्हणजे माता असे लिहिले. ते आमच्या भाषेत खरे आहे, त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ प्रेम असा होतो. सदर गीत सुपाच्या जाहिरातीत वापरले गेले असले, तरी त्यात सुपाचा उल्लेख नाही. ते एका स्त्रीने स्वतः रचलेले आहे. दोष अर्जदाराचा आहे, मुलीचा नाही. सबब, तिला गाऊ द्यावे.'

मुख्याध्यापिकांनी तो दोनदा वाचला. चष्मा काढला.

"लव्ह फॉर हूम?"

मी टेबलावरचा माझाच अर्ज पुन्हा वाचू लागलो. बाजूला मान खाली घालून उभी असलेली कन्या पुटपुटली, "मॅम, मेबी द सूप."

मुख्याध्यापिका टेबलावर हात ठेवून हसू लागल्या. शिपाई दार उघडून पाहून गेला. अखेर डोळे पुसून त्यांनी माझा पहिला अर्ज मला परत दिला, दुसरा आपल्या फायलीत लावला आणि विषय मिटला अशा अर्थाचा तिकडचा अरबी शब्द वापरून म्हणाल्या, "खलास. शी विल सिंग."

संमेलनाच्या दिवशी सभागृह भरले होते. आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो होतो. आईचा खरा अर्थ मी सौभाग्यवतीस नीट समजावून सांगितला होता, आणि तिने मानही डोलावली होती. कन्या रंगमंचाच्या मधोमध, एकटी उभी राहिली. पहिले कडवे उत्तम झाले. मग ध्रुपद आले. तिने डोळे मिटून सूर लावला, 'आईऽऽऽ'.

"काय गं?" सौभाग्यवती जागेवरून अर्धवट उठत म्हणाली.

आसपासच्या चार मराठी कुटुंबांत हशा उसळला. पोरीने डोळे उघडले, आईकडे पाहिले आणि ओठांच्या कोपऱ्यात हसली; सूर मात्र तिने सोडला नाही.