पटक्यावरची लाल टिकली

हे मी लिहावं का, याची मला अजून खात्री नाही. आमच्या घरात कुणी कधी काही लिहिलेलं नाही. वडिलांना सही येते, आईला तीही अडखळत. मी बारामतीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणून घरचे मला फार शिकलेली समजतात. तेवढी मी नाही. शुद्धलेखन चुकेल, कुठं आवाज चढेल, त्याबद्दल आधीच माफी मागते. पण हे दुसरं कुणी लिहिणार नाही. आणि ज्यांनी लिहिलं त्यांनी उलटं लिहून ठेवलं आहे.

मी सातवीत होते.

लासुर्ण्याजवळची आमची जिल्हा परिषदेची शाळा. सगळ्या वर्गाला टेम्पोत बसवून निसर्ग उद्यानात नेलं. उद्यान म्हणजे आमचाच माळ. त्याला तार घातली, फाटक बसवलं, पाटी लावली. त्याच माळावर मी पाच-सहा वर्षांची असताना आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, मेंढरांमागे अनवाणी फिरले होते. तार घातल्यावर आबांनी मेंढरं विकली. आता त्या माळाची ओळख करून द्यायला आम्हाला टेम्पोतून आणलं होतं.

बारामतीची एक इंग्रजी शाळा आमच्या आधी आली होती. त्यांच्या गळ्यात दुर्बिणी होत्या. आम्हाला सांगितलं, "कशाला हात लावायचा नाही." दुर्बिणी संपल्या असतील, असं आमच्या बाई म्हणाल्या. टेबलावर खोक्यात चार-पाच दिसत होत्या. मी मोजल्या नाहीत, पण दिसत होत्या.

पत्र्याच्या शेडमध्ये दोन मोठे बोर्ड होते. एकावर लिहिलेलं, 'माळरानाचे मित्र'. त्यावर लांडगा, चिंकारा, टिटवी, खोकड. दुसऱ्यावर, 'माळरानाचे शत्रू'. त्यावर वणवा, प्लास्टिक, भटकी कुत्री, आणि एका माणसाचा फोटो.

माणूस पाठमोरा वाकलेला. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी. मागे मेंढरं. वर एक टिटवी पंख फडफडवत ओरडतेय. आणि माणसाच्या हातात दगड.

माहिती सांगणाऱ्या उद्यानाच्या सरांच्या डोक्यावर टोपी होती. ते म्हणाले, "बघा, हातात काय आहे? दगड. पक्षी बिचारा जीव तोडून ओरडतोय. मेंढ्या गवत संपवतात आणि हे लोक पक्षी मारतात. म्हणून हे कोण?"

सगळे ओरडले, "शत्रू!"

माझ्या शेजारी सुनी बसली होती, आमच्याच वस्तीवरची. ती कानात म्हणाली, "आगं, ही तुझ्या आबाची घोंगडी हाय. कोपरा बघ."

घोंगडीचा कोपरा काळ्या लोकरीत पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेला होता. आजीनं शिवलेला. काळा दोरा संपला होता म्हणून.

मी म्हणाले, "न्हाय. आमची न्हाय."

मग टिकल्यांचे कागद वाटले. बायका कपाळाला लावतात तशाच गोल लाल टिकल्या, फक्त मोठ्या. प्रत्येकानं एकेका शत्रूवर लावायची. सरांनी माझ्याकडं बोट केलं. "तू ये. या मेंढपाळाला लाव."

मी उठले. चेहरा दिसतच नव्हता, तो खाली वाकलेला. म्हणून पटक्यावर लावली. नीट बसावी म्हणून अंगठ्यानं दाबली.

टाळ्या वाजल्या. सरांनी माझ्या फ्रॉकला एक बिल्ला लावला. 'निसर्गमित्र'.

घरी आले तेव्हा आबा ओट्यावर बसले होते. तार घातल्यापासून ते माळावर गेले नव्हते. त्यांना माळाची खबर हवी होती.

"काय दावलं गं तितं?"

"गवात."

"गवात बघाय टेम्पू केला व्हय?" ते खूप हसले. मग म्हणाले, "टिटवी वराडत हुती का?"

"हुती."

"मंग आंडी आसत्याल. ह्याच दिसांत घालत्यात." आणि बिल्ल्याकडं बघून, "ह्ये काय लावलंय?"

"निसर्गमित्र. म्हंजी माळाचा दोस्त."

"आरं तिच्या! दोस्त तर मी हाय की. आन हिकडं."

त्यांनी बिल्ला काढून घेतला आणि पटक्याला लावला. तोच पटका. निमगाव केतकीच्या बाजाराला तो लावून गेले. लोक विचारतील त्याला सांगत होते, "नातीनं मिळीवलाय." मी त्यांच्या बरोबर गेले नाही. पोटात दुखतंय म्हणाले.

मी सहा वर्षं कुणाला काही सांगितलं नाही.

आबांच्या हातात दगड का होता, ते मला त्या दिवशीही माहीत होतं. टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या मातीत अंडी घालते. मातीच्याच रंगाची, ठिपक्यांची. कळप वरून गेला की संपलं. म्हणून आबा कळपाच्या पुढं चालायचे. टिटवी ओरडायला लागली की मेंढरं थांबवायचे, अंडी शोधायचे आणि भोवती हाताच्या अंतरावर दगड मांडायचे. त्याला आम्ही कडं म्हणतो. मेंढरू दगडाला बगल देऊन जातं. लहानपणी दगड आणून द्यायचं काम माझं होतं. आणि टिटवी ओरडायची ती आमच्यावरच. तिला काय माहीत आम्ही काय करतोय.

मला माहीत होतं. तरी मी टिकली लावली. हे मी सरांच्या माथी मारणार नाही. ते माझं आहे.

मागच्या वर्षी कॉलेजात आमच्या विभागात नोटीस लागली. उद्यानाला शाळकरी मुलांसाठी स्वयंसेवक हवे होते, प्रमाणपत्र मिळणार होतं. मी नाव दिलं. बोर्ड बदलला असेल असं वाटलं. किंवा बदललाय का ते बघायचं होतं. यातलं खरं कुठलं, ते मलाच सांगता येणार नाही.

बोर्ड नवा होता. फ्लेक्स नवा, रंग चकचकीत. फोटो तोच. सरही तेच. त्यांनी मला ओळखलं नाही. ओळखावं असं काही नव्हतंच.

कोऱ्हाळे बुद्रुकची शाळा आली होती. सरांनी टिकल्यांचे कागद माझ्या हातात दिले. "तू स्थानिक आहेस ना? तुझ्या भाषेत सांग, मुलांना पटेल." माझ्या भाषेत. मी विचार करत राहिले, म्हणून घेतलंय का मला? म्हणजे त्यांचं खोटं माझ्या तोंडून गावठी होऊन बाहेर पडावं?

पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "ताई, त्यो बाबा दगुड ठेवतोय का उचलतोय?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

बारामतीला आल्यापासून मी 'आहे' म्हणते. जपून म्हणते. त्या दिवशी तोंडातून आलं, "ठेवतोय. त्ये माझं आबा हायेत. तितं टिटवीची आंडी हायेत."

मग मी मुलांना सगळं सांगितलं. कडं कसं मांडतात तेही. खडूनं फरशीवर काढून दाखवलं.

सर पुढं आले. आवाज चढवला नाही. हसून म्हणाले, "छान. पण याला संदर्भ काय?"

"म्हणजे?"

"कुठं छापलंय का? कुणी अभ्यास केलाय? नाही ना? मग ही झाली गोष्ट. आपण इथं माहिती देतो."

कॉलेजात आम्हालाही हेच शिकवतात, आणि ते चूक आहे असं मला वाटत नाही. मी एवढंच म्हणाले, "सर, ते मारतायत असं तुम्ही सांगता, त्याला संदर्भ काय?"

"फोटो समोर आहे."

"तोच फोटो माझ्याही समोर आहे."

ते म्हणाले, "मुलांना टिकल्या वाट."

"नाही वाटणार."

"प्रमाणपत्र नको का?"

"नको."

कागद टेबलावर ठेवले आणि चालत फाटकाबाहेर आले. धाडस वगैरे काही वाटलं नाही. एसटी मिळेपर्यंत मी रडले.

घरी जाऊन आबांना सगळं सांगितलं. टिकलीपासून. आबा म्हणाले, "दगुड हातात हुता खरा." आणि मग, "फोटू काढणाराला मी सांगितलं हुतं की. त्यानं इचारलं, आबा, काय करताय? म्हणलं, आंडी हायेत बाबा, कडं करतोय. तर म्हणला, आसंच वाकून ऱ्हावा. च्या पिऊन गेला आपल्यात."

"कोण हुता? टोपी हुती का?"

"टोपीवाली समदी सारखीच दिसत्यात."

म्हणजे फोटो काढणाऱ्याला माहीत होतं. तो हाच माणूस होता का, मला माहीत नाही. सिद्ध करता येणार नाही. पण माझ्या मनातून जात नाही.

मी उद्यानाला अर्ज केला. आबांना विचारलं, नाव घालू का? म्हणाले, "घाल. आपुन काय चोरी केली?" फोनवर उत्तर आलं. एक मॅडम गोड बोलल्या. "दिवाळीच्या आत बोर्ड काढतो. भावना दुखावल्या असतील तर..." मी म्हणाले, भावना नाही, माहिती चुकली आहे. त्या म्हणाल्या, "तेच ते."

तेव्हाच मला कळायला हवं होतं. खरं तर कळलंच होतं.

दिवाळी होऊन गेली. माझी धाकटी बहीण सोनी यंदा सातवीत आहे. काल तिच्या वर्गाची सहल त्याच उद्यानात गेली. मी तिला आधीच सगळं सांगितलं होतं, पण काय करायचं ते सांगितलं नव्हतं. बाराव्या वर्षी मला जे जमलं नाही, ते तिच्यावर कशाला लादू? फक्त म्हणाले, बोर्ड आहे का तेवढं बघ.

संध्याकाळी आईच्या मोबाइलवरून तिचा फोन आला. ती कुजबुजत होती.

"ताई, बोर्ड तसाच हाय."

"मग? टिकली?"

"टोपीवालं सर मला म्हणलं, लाव. मी न्हाय लावली. म्हणलं, ह्ये आमचं आबा हायेत. तर मला शेडच्या बाहीर हुभं केलं, उनात. मंग सुनीताईचा भाऊ हाय ना, त्यानंबी न्हाय लावली. त्योबी बाहीर. मंग अजून चारपाच. सर लई चिडलं." मग म्हणाली, "बिल्ला कुणालाच न्हाय दिला."

शनिवारी मी गावी जाते आहे. आबांना पटका बांधून, तीच घोंगडी खांद्यावर देऊन फाटकातून आत नेणार आहे, तिकीट काढून. बोर्डासमोर उभं करणार आहे. सरांना सांगणार आहे, हा माझा संदर्भ. आता टिकली लावायची असेल तर तुमच्या हातानं इथं लावा, पटक्यावर. नीट दाबून.