सात पोती पांढरी पूड

रत्नागिरीच्या शाळेत मी शास्त्र शिकवायला लागलो तेव्हा पंचविशीही गाठली नव्हती. मूळचा पुण्याकडचा, म्हणजे तिथल्या लोकांच्या लेखी घाटावरचा, आणि म्हणून जरा कच्चाच. बंदराजवळ एका व्यापाऱ्याच्या माडीवर दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. त्यांना सगळे शेट म्हणत, मीही म्हणे. त्यांच्या पत्नीला मी वहिनी म्हणे.

घराला लागूनच शेटांची वखार होती. सुंभाची वेटोळी, काथ्याचे ढीग, खोबऱ्याची पोती. एकदा दिवाळीनंतर मुंबईहून आलेल्या शिडाच्या पडावातून सात पोती उतरली. वाटेत समुद्राचं पाणी लागून वरची शाई धुऊन गेलेली. माल कोणाचा, कसला, काही कळेना. आत मिठासारखी पांढरी, दाणेदार पूड. शेटांनी मुंबईच्या अडत्याला पत्र टाकलं आणि पोती काथ्याला टेकवून रचली.

मी म्हटलं, "शेट, हे काय आहे ते कळल्याशिवाय काथ्याजवळ ठेवू नका."

"परीक्षा केली मी, मास्तर. चमचाभर पुडीला काडी लावली. काडी विझली, पूड होती तशी. जी पेटत नाय ती आग काय लावणार?"

मी वर्गातला आवाज काढला. काही पदार्थ स्वतः जळत नाहीत, पण शेजारच्याला जळायला प्राणवायू पुरवतात. अशांच्या संगतीत साधं लाकूडही भडकतं.

शेट विचारात पडले. "म्हणजे आमच्या धाकट्या मेव्हण्यासारखं. स्वतः शांत, पण बसेल तिथे भांडण."

"ऐकू येतंय हो मला," वहिनी आतून म्हणाल्या.

रविवारी सकाळी अंगणात परीक्षा ठरली. होड्या बांधणाऱ्या सुताराकडून मी लाकडाचा कोरडा भुसा आणला. एका चिऱ्यावर तीन ढीग केले: एक नुसत्या भुशाचा, दुसरा भुसा आणि मिठाचा, तिसरा भुसा आणि त्या पुडीचा. माप तिन्हींना एकच, करवंटीचं. वहिनींनी विचारलं, मीठ कशाला फुकट घालवता. मी म्हटलं, तुलनेला काहीतरी निरुपद्रवी हवं. त्यांनी मीठ दिलं, पण मोजून.

पहिल्या ढिगाला काडी लावली. तो धुरकटत, कंटाळत जळला. दुसरा तर मध्येच विझला. शेट माझ्याकडे दयेने बघू लागले. तिसऱ्यालाही काडी लावली, काही होत नाही असं वाटून मी वाकलो, आणि फुस्स करून पिवळीजर्द ज्वाळा उठली. मी मागे सरेपर्यंत ढीग संपला होता आणि माझ्या मिशीचं उजवं टोकही.

मग वहिनी शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, तुमची मिशी कुठच्या ढिगात धरायची?"

त्याच दिवशी गड्यांनी सातही पोती अंगणापलीकडच्या रिकाम्या दगडी खोलीत हलवली. एक पोतं फाटलं होतं; त्यातला माल दुसऱ्या पोत्यात भरला. मी हात झटकले आणि परीक्षा संपल्याचं जाहीर केलं. स्वतःवर मी बराच खूश होतो.

दोन दिवसांनी वहिनींनी मला स्वयंपाकघराच्या दारात बोलावलं. त्यांच्या हातात त्या फाटक्या पोत्याचा तुकडा होता. चुलीवरची भांडी उतरवायला म्हणून त्यांनी तो घेतला होता.

"मास्तर, वाईच विचारायचं होतं. पोतं ओलं झालं तेव्हा पूड विरघळून यात मुरली असणार ना? गोणपाट म्हणजे तागच. तुमच्या भुशाचा भाऊ."

मी तो तुकडा अंगणातल्या चिऱ्यावर ठेवून लांबून काडी लावली. गोणपाट सुरसुरत, ठिणग्या उडवत पाहता पाहता जळून गेलं. चुलीपाशी वहिनींच्या हातात ते पेटलं असतं तर काय, हा विचार मला पुढे कित्येक दिवस छळत राहिला. वहिनींनी मात्र उरलेलं पोतं विहिरीवर चार पाण्यांनी धुतलं आणि वाळत घातलं.

आठवड्याने अडत्याचं पत्र आलं. तो परदेशी सोरा होता, बंदुकीच्या दारूत घालतात त्या जातीचा क्षार, आंब्याच्या बागेसाठी खत म्हणून मागवलेला, लांज्याकडच्या एका बागायतदाराचा. लाकूड, गवत, काथ्या यांच्यापासून लांब ठेवावा, असंही लिहिलं होतं. शेटांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "मास्तर, हे तुम्ही आधीच सांगितलंत." आयुष्यात त्यांनी मला दिलेली ही एवढीच शाबासकी.

बैलगाड्या येऊन सोरा घेऊन गेल्या. पण माझी सुटका झाली नाही. बंदरावर कसलीही अनोळखी पूड उतरली की शेट पुडी बांधून माडीवर पाठवत. तुरटी, धुण्याचा सोडा, एकदा कोणाच्या तरी तोंडाला लावायची पावडरसुद्धा. मी भुसा घेऊन बसायचो, जरा लांबच. आणि निकाल लागला की आधी वहिनींना दाखवून घ्यायचो.