दारातला कट्टा

गल्लीत राहायचं तर दोन गोष्टी यायला पाहिजेत, असं मी सासरी गेलेल्या लेकीला सांगत असते. नळावर भांडता आलं पाहिजे आणि लोकांचे सल्ले ऐकून घेता आले पाहिजेत. पहिली गोष्ट मला शहागंजच्या मागच्या गल्लीत आल्या आल्या जमली. दुसरीनं माझं वाटोळं केलं.

यांना लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली, डोळे तेवढे शाबूत. सकाळी यांना चाकाच्या खुर्चीत बसवून मी दारात नेऊन ठेवायची. भाजीवाला हाक मारून जायचा. समोरचे चाचा "क्या भाई, खैरियत?" म्हणत घडीभर टेकायचे. हे डाव्या हातानं सलाम करायचे आणि हसायचे, वाकडं का होईना. दिवसभरात तेवढंच काय ते यांचं जगणं. ते टिकावं, दुसरं मला काय बी नको होतं.

पण रस्ता वर येत होता. दर खेपेला जुन्यावरच नवं सिमेंट ओतायचे, खोदायचं नाव नाय. ज्याला जमलं त्यानं आपला ओटा उचलून घेतला. आमचं घर राहिलं खाली. पाऊस झाला की सगळ्या गल्लीचं पाणी गटारासकट आमच्या घरात. खाटेखाली भांडी तरंगायची, आणि हे पडल्या पडल्या बघत राहायचे. वैऱ्यावर बी अशी वेळ येऊ नये.

मग सल्ले सुरू. पोती टाका. मोटर लावा. दारात कट्टा बांधा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! आमच्या गल्लीत तर खरोखरच सगळे कोरडे होते, भिजत होते ते आम्ही दोघं.

पुन्हा सिमेंट पडणार असं कळलं तशी मी घरोघर गेले. म्हणलं, या खेपेला आधी जुना रस्ता खोदा, मग ओता, एवढं सगळ्यांनी मिळून ठेकेदाराला सांगू. "व्हय व्हय वहिनी," सगळे म्हणाले. चहा बी पाजला. काम सुरू झालं त्या सकाळी मात्र ठेकेदाराच्या माणसापुढं मी एकटीच उभी. तो म्हणाला, "मावशी, बाकी कुणाची तक्रार नाय." मी शेजारणीच्या खिडकीकडं बघितलं. माझ्या बाळंतपणात रात्रंदिवस उशाशी बसलेली बाई ती. तिनं पडदा ओढला. नंतर म्हणाली, "खोदलं असतं तर आमच्या नव्या ओट्याला तडे गेले असते गं." तिचं बी खोटं नव्हतं. पण मला असा संताप आला, की तिचं पुढचं न ऐकताच मी घरी निघून आले.

शेवटी लोकांचं ऐकलं आणि दारात विटांचा कट्टा बांधून घेतला. आतून माझ्या छातीला लागायचा. पाणी थांबलं. सल्ला अगदी नामी निघाला. मी दोन्हीकडं विटा रचून ये-जा करायची, खुर्ची कुठून चढणार? दारात बसवलं तर यांच्यापुढं नुसत्या विटा. भाजीवाल्याची हाक ऐकू आली की यांचा हात उठायचा, पण बाहेरून तो कुणाला दिसत नव्हता. चाचांचे गुडघे दुखायचे, त्यांना बी कट्टा ओलांडवेना. थोड्या दिवसांनी खुर्ची आणली की हे मान फिरवायला लागले. मग खाट सोडलीच नाय. दिवाळीच्या आत गेले.

मयतीला सगळी गल्ली आली, नाय म्हणणार नाय. तिरडी बाहेर रस्त्यावर बांधली होती. चौघांनी यांना घरातून उचललं आणि कट्ट्यापाशी अडले. दोघं आत, दोघं बाहेर, मध्ये हे. एकाचा हात निसटला, यांचं डोकं विटेवर आपटलं, मी किंचाळले. चौघांतला एकजण घाम पुसत, अगदी मायेनं मला म्हणाला, "वहिनी, कट्टा जरा बुटका बांधायचा होता."